पोटगी आणि वाटा : तेरेखोलच्या दोन काठांवरचे दोन कायदे

घटस्फोटासाठी मराठीत किती शब्द आहेत ते एकदा मोजून बघा. घटस्फोट, काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत. मला यातला फारकत हा शब्द नेहमी अडवतो. तो फारसीच्या वाटेने आला. मूळ शब्द फारखत, म्हणजे देणंघेणं मिटल्याचा कागद. कर्ज फिटलं की फारखत, भागीदारी मोडली की फारखत, आणि नवराबायको वेगळे झाले तरी फारखतच. तुझं माझ्याकडे आता काही येणं उरलं नाही, असं त्या कागदाचं म्हणणं.

पण वीस-पंचवीस वर्षं एका घरात राबलेल्या बाईचं खरंच काही येणं नसतं? कायद्याने याचं काय उत्तर दिलं हे शोधत गेले आणि तेरेखोल नदीपाशी येऊन पोचले. एका काठाला सिंधुदुर्गातलं सातार्डा, दुसऱ्या काठाला गोव्यातला पेडणे तालुका. दोन्हीकडे दशावतार, दोन्हीकडे सोयरिकी. १८व्या शतकाच्या अखेरीपर्यंत दोन्ही काठ सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखातले. मग पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं आणि पुढच्या शतकात दोन काठांवरच्या बायकांचं नशीब वेगळं झालं.

पोर्तुगालने १८६७ साली नागरी कायद्याची संहिता केली आणि १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. तिच्यातला एक नियम साधा होता. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता एक होते. लग्नाआधीची, लग्नानंतर कमावलेली, अगदी आईबापांकडून वारशाने आलेलीसुद्धा. त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. हा वाटा लग्नाच्या दिवशी ठरतो. घटस्फोट झाला तर आधीच तिचं असलेलं अर्धं फक्त मोजून वेगळं करायचं. नवरा वारला तरी अर्ध्याची मालकीण ती असतेच, वारसांची वाटणी उरलेल्या अर्ध्यात.

याचा परिणाम कागदावर दिसतो. गोव्यातलं जमिनीचं खरेदीखत हातात घ्या. विकणाऱ्याच्या नावामागोमाग ‘आणि त्यांची पत्नी’ येतं, आणि खाली तिची सही. तीन भावांनी वडिलोपार्जित बाग विकायची म्हटलं, तर तिन्ही जावांच्या सह्या लागतात. एकीने नाही म्हटलं की व्यवहार अडला.

म्हणून गोवा बायकांचा स्वर्ग होता असं समजू नका. मालकी दोघांची असली, तरी १८६७च्या संहितेने कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. हिंदूंच्या रूढींसाठी १८८०मध्ये वेगळा हुकूम निघाला. त्यात बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायची मुभा होती. आणि घटस्फोट तर मुळात नव्हताच. कोर्टाकडून वेगळं राहण्याची परवानगी मिळे, लग्न मात्र मोडत नसे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमधली राजेशाही संपली आणि महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, नव्या प्रजासत्ताकाने घटस्फोटाचा कायदा केला. त्यानंतर ती वाट गोव्यातही उघडली.

आता अलीकडचा काठ. इथे अनेक जातींमध्ये काडीमोड पूर्वापार होता. जातपंचायत बसायची, काडी मोडायची, बाई मोकळी. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत लग्न जन्माची गाठ. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ साली आणि देशभर हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. त्याने घटस्फोट दिला, पण मालमत्तेचं काय? कलम २५ कायमच्या पोटगीचं. कलम २७ लग्नाच्या वेळी भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंचं. नवऱ्याच्या नावावरचं घर, जमीन, दुकान यांत बायकोचा आपोआप वाटा त्यात कुठेच नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९५६मध्ये, हिंदू उत्तराधिकार कायदा आला. मृत्युपत्र न करता नवरा वारला, तर विधवा त्याच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वारस. घटस्फोटित बायको मात्र वारसच नाही. म्हणजे नवरा मेला तर वाटा आणि नवऱ्याला सोडलं तर फक्त पोटगी.

पोटगी या शब्दात पोट आहे. तुझं पोट भरेल एवढं देतो, असं तो शब्द सांगतो. माझी एक आत्या बांद्याजवळच्या एका गावात नांदली. काजूची बाग तिने बावीस वर्षं राखली, बियांचा हिशेबही तिच्याच डोक्यात. फारकत झाली तेव्हा महिन्याला ठरावीक रक्कम ठरली. सातबारावर तिचं नाव कधी नव्हतंच, त्यामुळे बागेचा विषयही निघाला नाही. अर्ध्या तासावर पेडण्यात तिची चुलतबहीण दिली होती. तिथल्या बागेच्या प्रत्येक कागदावर बहिणीची सही आहे.

आपल्याकडे हे कुणाला खटकलंच नाही असं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढच्या काही वर्षांत शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला : शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. कित्येक गावांनी तो केलाही. पण ते नवऱ्याने दिलेलं होतं. कायद्याने तिचं असलेलं नव्हतं. संसदेतही प्रयत्न झाला. घटस्फोटानंतर बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारं विधेयक ऑगस्ट २०१३मध्ये राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते अडकलं आणि २०१४मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा विधेयकही बुडालं.

गोव्याच्या कायद्याचा पुढचा प्रवास मात्र गंमतीचा आहे. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला. भारताने १९६२च्या कायद्याने तिथले जुने कायदे चालू ठेवले. पोर्तुगालने स्वतः १९६६मध्ये नवी संहिता करून नियम बदलला : करार नसेल, तर लग्नानंतर कमावलेलंच सामाईक. ज्यांनी कायदा आणला त्यांनी तो सोडला, गोव्याने धरून ठेवला. आयकर कायद्यातही १९९४मध्ये गोव्यासाठी खास कलम ‘५ अ’ घातलं गेलं. घरभाडं, धंदा, व्याज यांचं उत्पन्न नवराबायकोत निम्मं-निम्मं धरतात. पगार तेवढा ज्याचा त्याचा.

पगाराचा विषय निघालाच आहे, तर आजच्या फ्लॅटबद्दल. पुण्या-मुंबईत हप्ता त्याच्या खात्यातून जातो आणि किराणा, पोरांची फी, कामवाल्या ताईंचा पगार तिच्या. पंधरा वर्षांनी वेगळं व्हायची वेळ आली की हप्त्याच्या नोंदी बँकेत सापडतात. किराण्याच्या पावत्या कुणी जपलेल्या नसतात. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर तेरेखोलच्या या काठावर तिला आपला वाटा पुराव्यानिशी मागावा लागतो. तेव्हा करारनाम्यावर नावं किती आणि कुणाची, हे चावी हातात येण्याआधी बघा.