स्थापत्यविशारदांचे टांगते दिवे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. पण एखाद्या समाजाने आपला मोडलेला संसार पुन्हा कसा मांडला हे जाणून घ्यायचे असेल, तर कधी कधी तहनाम्यापेक्षा जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिवा अधिक सांगून जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत असे दिवे घडले. आज जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी लिलावात चढाओढ करतात. गंमत अशी, की त्यांतले पुष्कळसे दिवे इमारती बांधणाऱ्या स्थापत्यविशारदांनी आखलेले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, घर बांधणाऱ्याला दिव्याची उठाठेव कशाला? त्याला कारण आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये मिलान शहरावर मोठे बाँबहल्ले झाले. युद्ध संपले तेव्हा घरे उभारायची होती आणि त्या घरांत मांडायच्या वस्तूही नव्याने घडवायच्या होत्या. वस्तूंची आखणी करणारा वेगळा पेशा तिथे अजून रुजला नव्हता. ते काम स्थापत्यविशारदच अंगावर घेत. इग्नात्सिओ गार्देल्ला आणि लुईजी काच्चा दोमिनिओनी यांनी १९४७ साली सहकाऱ्याबरोबर ‘आत्सुचेना’ ही संस्था काढली, ती घरासाठी लागणारे सामान व दिवे स्वतःच आखून घडवावेत म्हणून.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. १९३९ साली ‘आर्तेलुचे’ स्थापन करणारा जीनो सार्फात्ती स्थापत्यविशारद नव्हता. तो विमानविद्येचे शिक्षण अर्धवट सोडून आलेला. त्याचा १९५८ चा दिवा पाहा. ओळखीच्या झुंबरातले लोलक काढा, नक्षी काढा. उरेल मधला दांडा, बाकदार हात, उघडे दिवे आणि मुद्दाम लोंबत्या ठेवलेल्या तारा. लपवायचे असे काही ठेवलेच नाही. नव्या काळाची सगळी वृत्ती त्यात आली.

या साऱ्यांत आकील्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या बंधूंची कामगिरी विशेष. युद्धानंतर अमेरिकेत लष्करी सामग्री गुंडाळून ठेवण्यासाठी फवाऱ्याने मारायचे एक प्लास्टिक वापरीत. हवेत उडताच त्याचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू होत आणि वर पातळ कातडे धरे. आर्तुरो आइझेनकाइल या व्यापाऱ्याने ते इटलीत मेरानो येथे आणले. आपल्याकडे आकाशकंदिलाच्या कामट्यांवर कागद चिकटवतात ना, तसे या बंधूंनी तारेच्या सांगाड्यावर हे कातडे चढवले. १९६० साली ‘ताराक्साकुम’ आणि ‘विस्कोंतेआ’ हे टांगते दिवे तयार झाले. त्यांतून मेरानोलाच १९६२ मध्ये ‘फ्लोस’ हा कारखाना उभा राहिला. युद्धसामग्री झाकणारी वस्तू घरात मऊ उजेड पसरू लागली!

मिलानच्या ‘स्प्ल्यूगेन ब्रॉय’ या उपाहारगृहासाठी याच बंधूंनी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा दिवा केला. त्यावरच्या वळ्या निव्वळ शोभेच्या नाहीत, बरं का. त्यांतून दिव्याची उष्णता बाहेर पडते. १९६२ च्या ‘आर्को’मध्ये तर त्यांनी छतच वगळले. छताला भोक न पाडता टेबलावर उजेड कसा आणायचा? संगमरवराची जड बैठक, तीतून वाकून पुढे येणारा पोलादी दांडा आणि टोकाला दिवा. बैठकीतल्या भोकात केरसुणीचा दांडा घालून दोघांनी ती उचलायची, एवढासुद्धा विचार त्यांत आहे.

पण उपयोगाच्या वस्तूला कलाकृती म्हणायचे का? हा वाद न्यायालयात गेला. ‘आर्को’सारखा दिसणारा परदेशी दिवा बाजारात आला तेव्हा फ्लोसने दावा लावला. तो युरोपीय न्यायालयापर्यंत पोचला, तिथे २०११ मध्ये निकाल लागला आणि २०१२ मध्ये मिलानच्या न्यायालयाने ‘आर्को’ला कलाकृतीचे संरक्षण दिले. चित्रकाराच्या चित्राला जो मान, तोच दिव्यालाही मिळाला.

‘आर्को’ आजही कारखान्यात तयार होतो, तरी जुन्या नगासाठी संग्राहक अधिक पैसा मोजतो. उजेड दोन्हींचा सारखाच. मग तो विकत काय घेतो? माझ्या मते तो काळ विकत घेतो: मोडलेल्या शहरातल्या माणसांनी ‘आता घर कसे असावे’ असा नव्याने विचार केला, तो काळ. ही हौस समजण्याजोगी आहे. मात्र असा दिवा काचेच्या कपाटात न पेटवता ठेवला, तर त्याच्या कर्त्यांचे म्हणणे आपण ऐकलेच नाही असे होईल. त्यांनी तो चार माणसे जेवायला बसतील त्या टेबलासाठी केला होता. तिथे तो लागला, तरच त्याचा इतिहास पुरता कळतो.