शरीर : शत्रु कीं साधन?

अध्यात्माच्या मार्गांत शरीर हा अडसर आहे, असें मानण्याची संवय आपल्याकडे जुनी आहे. देह नाशवंत, म्हणून तो उपेक्षणीय, हा निष्कर्ष मात्र आम्हांस घाईचा वाटतो. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय पाहावा. आसन, बंध व कुंडलिनीचें जागरण यांचें तेथील वर्णन इतकें सूक्ष्म आहे, कीं देह हीच साधनेची भूमि ठरते.

सहा शतकांनंतर या भूमीची शास्त्रीय पाहणी झाली. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनीं माळसरच्या परमहंस माधवदासजींपासून योगविद्या घेतली आणि १९२४ मध्यें लोणावळें येथें कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक काढिलें. उड्डीयान व नौलि करतांना उदरांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरण व दाबमापक यांच्या साह्यानें तपासलें. नौलींत मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असें त्यांस आढळलें. बस्तीच्या वेळीं पाणी आंत कां ओढलें जातें, याचा उलगडा त्यानें झाला.

यावरून समाधि सिद्ध झाली काय? नाहीं. दाबमापकास उदर कळतें, वैराग्य कळत नाहीं. तथापि ज्या देहावांचून साधना घडत नाहीं, तो नीट जाणणें हेंही साधकाचें कर्तव्यच होय. तंबोरा म्हणजे गाणें नव्हे; परंतु तो जुळविल्यावांचून कोणता गवई गावयास बसतो?