'नंबर, प्लीज!'

टेलिफोनचा इतिहास शिकवताना आपण ग्रॅहॅम बेल, १८७६ सालचे पेटंट आणि ध्वनीचे विजेत होणारे रूपांतर सांगतो, आणि तिथेच थांबतो. पण टेलिफोन घेतलेल्या माणसाची पहिली गाठ पडे ती एक्सचेंजमधल्या एका अनोळखी आवाजाशी. कोण हवे ते या आवाजाला सांगायचे. मग तो माणूस हाताने दोन तारा जोडून देई.

अमेरिकेत बोस्टनला हे काम आधी तारा पोचवणाऱ्या पोरांकडे होते. तारा पोचवताना पाय चपळ असले की पुरे, बोलणे फारसे नसेच. टेलिफोनवर मात्र हीच पोरे गिऱ्हाइकांवर खेकसत, शिव्या हासडत, टवाळी करत. तारेत किंवा चुंबकात काही बिघाड नसे, तरी गिऱ्हाइकाच्या लेखी टेलिफोनच वाईट ठरे!

१ सप्टेंबर १८७८ रोजी तिथे एमा नट ही तरुणी कामाला लागली. जगातील पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे काही वर्षांतच पोरांची जागा बहुतेक ठिकाणी मुलींनी घेतली. (मुलींचा आवाज गोड, हे कारण कंपन्या मोठ्याने सांगत, त्यांना पगार कमी द्यावा लागतो, हे हळूच.)

मग जसे स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण होते, तसे सौजन्याचेही झाले. वाक्य ठरलेले : 'नंबर, प्लीज'. गिऱ्हाईक ओरडले तरी उलट उत्तर द्यायचे नाही. पाठीमागे पर्यवेक्षिका लक्ष ठेवून असे. हा गोडवा म्हणजे श्रमच होते, असे आम्हाला वाटते. एप्रिल १९१९ मध्ये बोस्टनसह न्यू इंग्लंड भागातल्या हजारो ऑपरेटर मुलींनी ज्युलिया ओ'कॉनर यांच्या नेतृत्वाखाली संप केला. यंत्रे सगळी धड होती, पण टेलिफोन मुके झाले. सहा दिवसांनी पगारवाढ मिळाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस बेल कंपन्यांनी व्हर्जिनियातील नॉरफोक येथे मोठे स्वयंचलित एक्सचेंज सुरू केले. (मूळ कल्पना आल्मन स्ट्रोजर यांची, पेटंट १८९१ चे.) आता तबकडी फिरवून गिऱ्हाइकानेच जोडणी करायची. पण पलीकडे 'नंबर, प्लीज' म्हणणारे कोणी नाही. रिसीव्हर उचलल्यावर नुसती शांतता ऐकू आली, तर एक्सचेंज तयार आहे की बिघडले, हे कसे कळावे? म्हणून तारेवर एक अखंड सूर सोडला जाऊ लागला, तोच डायल टोन. पलीकडचा टेलिफोन गुंतलेला असेल तर तुटक सूर.

शाळेत तारेचा टेलिफोन असेल, तर मुलांना हे दोन्ही सूर ऐकवावेत आणि अर्थ विचारावा. आधी काही न सांगता किती जणांना ओळखता येतात, ते पाहण्यासारखे आहे.