पाकाच्या दोन वाटा

होळी तोंडावर आली की नाशिकच्या बाजारात हारकडे लटकू लागतात: साखरेच्या पदकांचा हार आणि मनगटात घालायचं कडं. पाडव्याला अशीच गाठी गुढीवर चढते. त्यामागचं काम मात्र भट्टीशी उभं राहण्याचं आहे. उकळत्या पाकात दूध घालून मळी काढायची, पाक नेमका उतरला की दोरा अंथरलेल्या लाकडी साच्यांत ओतायचा. निवताना साखर बारीक कण धरते, म्हणून गाठी पांढरीशुभ्र होते.

हाच पाक न ढवळता तापवत नेला तर गोळीबंद पाकाच्या पुढे, साधारण १५० अंश सेल्सिअसला, पाणी जवळजवळ संपतं. निवल्यावर साखरेची काच होते.

फ्रान्समध्ये लग्नाला, बारशाला मांडला जाणारा क्रोकम्बूश याच काचेवर उभा असतो. आत क्रीम भरलेले पोकळ पफ तांबूस पाकात बुडवून एकावर एक चिकटवायचे आणि शंकूसारखा मनोरा रचायचा. मिठाईच्या अशा इमारतींना कारेम (१७८४–१८३३) या पॅरिसच्या आचाऱ्यानं प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यासाठी तो ग्रंथालयात बसून वास्तुकलेची चित्रं अभ्यासायचा. मनोरा रचणाऱ्याला धास्ती असते ती कणांचीच. एक दाणा पडला तरी सगळं पातेलं साखरू शकतं, म्हणून त्यात लिंबाचा रस किंवा ग्लुकोज घालतात. गाठीवाल्याला जे हवं, तेच इथे टाळायचं.

ही काच नाशिक जिल्ह्यानंही घडवली. मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये रावळगाव साखर कंपनी उभी केली आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ पिढ्यान्‌पिढ्यांच्या खिशात राहिल्या. ऊस पिकवणाऱ्या माळरानानं मिठाईचं तंत्रही आत्मसात केलं, ही गोष्ट जिल्ह्याच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदवायला हवी. २०२४ मध्ये हे ब्रँड, पाककृतींसह, २७ कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेले. जमीन आणि यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली.

साखरेची काच हवेतलं पाणी ओढून चिकट होते. म्हणून प्रत्येक गोळीला स्वतंत्र कागद लागतो. मनोऱ्याला तो लावता येत नाही. नाशिकमध्ये घरी क्रोकम्बूश रचायचा तर हारकड्यांच्या दिवसांतली कोरडी हवा उत्तम. श्रावणात तो काही तासांतच पाघळू लागेल.