हजेरीपट ते कृत्रिम बुद्धिमत्ता : सातारा-सांगली परिसराच्या इतिहासातून एक चिकित्सा

प्रस्तावना

कृत्रिम बुद्धिमत्तेने शेती, वैद्यक, शिक्षण आणि प्रशासन या क्षेत्रांत वेगाने प्रवेश केला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलीस दलाच्या उपयोगासाठी नागपूर येथे ‘मार्वल’ ही संस्था स्थापन केली. डिसेंबर २०२५ मध्ये ‘महाक्राइमओएस’ ही तपासास साहाय्य करणारी प्रणाली राज्यातील सुमारे ११०० पोलीस ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ठाणीही अर्थातच तिच्या कक्षेत येतात. सायबर फसवणुकीसारख्या किचकट गुन्ह्यांच्या तपासात अशा साधनांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. तथापि यंत्र ज्या नोंदींवरून शिकते, त्या नोंदी कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या हेतूने केल्या, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नसून इतिहासाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सातारा-सांगली परिसराच्या अनुभवाच्या आधारे केला आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, तासगाव व खानापूर हा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच असल्याने या दोन्ही जिल्ह्यांचा येथे एकत्र विचार करणे क्रमप्राप्त आहे.

जन्मावरून गुन्हेगारी

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात झाली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण करण्यात आले. या कायद्यान्वये एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित झाली की तिच्यातील व्यक्तींची नोंद करणे, बोटांचे ठसे घेणे, ठरावीक वेळी हजेरी घेणे आणि त्यांच्या फिरण्यावर निर्बंध घालणे शक्य होत असे.

सातारा जिल्ह्यात मांग व रामोशी समाजांना या हजेरीचा जाच सोसावा लागला. रामोशी हे परंपरेने गावाचे आणि गडांचे रखवालदार, तर मांग हे दोर वळणारे, हलगी वाजविणारे बलुतेदार. गावगाड्यात ज्यांच्यावर रखवालीचा भरवसा ठेवला जाई, त्यांनाच नव्या राज्यव्यवस्थेने संशयिताच्या रांगेत उभे केले. वाटेगाव (ता. वाळवा) येथे १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत वारणेच्या खोऱ्यातील हे जीवन साकारले आहे. फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हे आत्मकथन कैकाडी समाजाच्या वाट्याला आलेल्या बहिष्कृत जीवनाचा दस्तऐवज आहे.

नोंदच पुरावा निर्माण करते

या कायद्याची दोन वैशिष्ट्ये आजच्या संदर्भात विशेष महत्त्वाची वाटतात. पहिले म्हणजे त्याची स्वयंसिद्धता. नोंद झालेला माणूस हजेरीस चुकला अथवा परवानगीविना मजुरीसाठी परगावी गेला, तर तेवढ्यावरूनही तो शिक्षेस पात्र ठरे. अशा शिक्षांनी त्या जमातीच्या नावावरील गुन्ह्यांची संख्या वाढे आणि वाढलेली संख्या जमात गुन्हेगार असल्याचा पुरावा मानली जाई. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे अधिसूचनेच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देण्यास कायद्यानेच बंदी केली होती.

या व्यवस्थेस शास्त्राचाही आधार मिळाला. १८९७ मध्ये कलकत्ता येथे बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत विकसित करण्यात मोठा वाटा उचलला. ठसा खोटे बोलत नाही हे खरे. परंतु कोणाचे ठसे घ्यायचे, हे ठसा ठरवीत नव्हता. ते सरकार ठरवीत होते.

नवे यंत्र, जुने दप्तर

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी व कैकाडी यांसह १४ जातींचा समावेश आहे. कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आणि संशयितांच्या नोंदी राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांतील जातीय तरतुदी रद्द ठरविल्या आणि विमुक्तांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, यासाठी पोलिसांना निर्देश दिले. असा निर्देश २०२४ मध्येही द्यावा लागला, यातच पुष्कळ काही आले.

२०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांतील बुबुळाच्या नोंदीही घेण्याची आणि अशा नोंदी ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली. अशा संग्रहांना कृत्रिम बुद्धिमत्ता जोडली गेली, तर एखाद्या समाजावर पूर्वी जास्त नजर ठेवली गेली एवढ्यावरूनच यंत्र त्या समाजास अधिक धोकादायक ठरवू शकते. अमेरिकेत हा धोका दिसून आला आहे. ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये ‘कॉम्पास’ या जोखीम-मापन प्रणालीची तपासणी केली. पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के, तर गोऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींना तिने अधिक धोकादायक ठरविल्याचे त्यात आढळले. प्रणालीच्या निर्मात्यांनी हे निष्कर्ष अमान्य केले. तथापि युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात केवळ व्यक्तीच्या गुणवैशिष्ट्यांवरून ती गुन्हा करील असे भाकीत करणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली.

साधनचिकित्सेची गरज

वाई येथे सापडलेल्या कागदपत्रांवरून वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड सिद्ध केला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तर अभ्यासले. कागद जुना आहे म्हणून तो खरा मानू नये, लिहिणारा कोण व त्याचा हेतू काय हे पाहावे, ही शिस्त इतिहासाच्या अभ्यासकास नवी नाही. हीच शिस्त यंत्रास पुरविल्या जाणाऱ्या माहितीस लावणे आवश्यक आहे. त्यादृष्टीने पुढील तीन गोष्टी किमान ठराव्यात :

१. आपल्याविषयी कोणती नोंद आहे, हे नागरिकास कळावे.
२. त्या नोंदीस व यंत्राच्या निष्कर्षास न्यायालयात आव्हान देता यावे.
३. दोषमुक्त व्यक्तीची नोंद पुसली जाते की नाही, याची स्वतंत्र तपासणी व्हावी.

महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हजेरीच्या आठवणी ऐकलेल्या कुटुंबांचे मौखिक इतिहास संकलित केल्यास शासकीय दप्तराची दुसरी बाजू उपलब्ध होईल.

समारोप

कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतः जात मानत नाही, असे सांगितले जाते. हजेरीपटाचा कागदही जात मानत नव्हता. त्यावर लिहिणारा हात मानत होता. तो कागद जाब विचारण्यापलीकडे ठेवला गेला, म्हणूनच त्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे जीवन करपवून टाकले. सातारा-सांगलीच्या मातीने ही किंमत एकदा मोजली आहे. नव्या यंत्रास ठाण्यात स्थान देताना त्यास जाब विचारण्याचा अधिकारही त्याच वेळी नागरिकाच्या हाती दिला पाहिजे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.