ईश्वरविद्येतील भाषाविचार व पद्धतिवाद

ईश्वरविषयक विधाने सत्यासत्यतेच्या कक्षेत येतात की नाहीत, हा विसाव्या शतकातील ख्रिस्ती ईश्वरविद्येपुढील एक मूलभूत प्रश्न. तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी १९३६ मध्ये अशी विधाने निरर्थक ठरविली. १९५० मध्ये तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू यांनी, जे कोणत्याही संभाव्य घटनेने खोटे ठरू शकत नाही ते विधान मुळात काही प्रतिपादन तरी करते काय, असा पेच टाकला.

या वादाची मांडणीच पालटली ती येल विद्यापीठातील ल्यूथरपंथी विद्वान जॉर्ज लिंडबेक (१९२३–२०१८) यांच्या ‘द नेचर ऑफ डॉक्ट्रिन’ (१९८४) या छोटेखानी ग्रंथाने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेस निरीक्षक म्हणून उपस्थित राहिलेल्या आणि पुढे कॅथलिकांशी चाललेल्या वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी असलेल्या लिंडबेकना, कोणत्याही पक्षाने आपला दावा न सोडता शतकांचा तंटा कसा मिटू शकतो, याची उपपत्ती हवी होती. व्हिट्गेन्श्टाइन व मानवशास्त्रज्ञ गीर्ट्झ यांच्या आधारे ते म्हणतात, की धर्मसिद्धांत हा प्राधान्याने वस्तुस्थितीचा दाखला नव्हे आणि श्लायरमाखरच्या परंपरेतल्याप्रमाणे अंतःस्थ अनुभूतीचा उद्गारही नव्हे; श्रद्धावंतांच्या बोलण्या-वागण्याचे तो व्याकरण होय. ३२५ मधील नायसियाचा सिद्धांत या दृष्टीने एक नियम ठरतो: पित्याविषयी जे जे म्हणावे ते ते, पितृत्वाखेरीज, पुत्राविषयीही म्हणावे.

ही उपपत्ती समेटाच्या कामी विलक्षण समर्थ आहे, हे निःसंशय. परंतु सत्याच्या प्रश्नापाशी ती अडखळते. धर्मयोद्ध्याने परधर्मीयाचे मस्तक फोडताना केलेला ख्रिस्ताच्या प्रभुत्वाचा घोष, त्या कृत्याशी जोडलेला असल्यामुळे, असत्य होय, असे लिंडबेक म्हणतात. या उदाहरणामागील नैतिक तळमळ आदरणीय आहे. तथापि ख्रिस्त प्रभू असेल, तर मारेकऱ्याच्या मुखातूनही ते विधान सत्यच राहते, आणि उलट त्या सत्यामुळेच त्याचे कृत्य अधिक गर्हणीय ठरते, हा आक्षेप प्रस्तुत लेखकास बिनतोड वाटतो.

शिकागोचे कॅथलिक विचारवंत डेव्हिड ट्रेसी यांचा विरोध पद्धतीविषयीचा होता. ईश्वरविद्येने विद्यापीठ व समाज यांनाही उत्तरदायी असावे, असा त्यांचा आग्रह. शिवाय भाषा व अनुभव परस्परांना घडवीत असताना लिंडबेकनी श्लायरमाखरप्रणीत अनुभूतिवादी परंपरेचे विपर्यस्त चित्र उभे केले, अशी त्यांची तक्रार होती. ईश्वरविद्येचे अभ्यासक केव्हिन व्हॅनहूझर यांनी मात्र २००५ मध्ये व्याकरणाची कल्पना स्वीकारूनही नियामक अधिकार श्रद्धावंतांच्या समुदायाच्या वहिवाटीकडून काढून बायबलच्या संहितेकडे सोपविला.