यंत्र घरी आलं, पाइप कारखान्यातच राहिला

आजचा एपिसोड एका पाइपबद्दल आहे. हसू नका. सुतारकामाच्या खोलीत भिंतीवरून जातो आणि यंत्रातला भुसा ओढून नेतो, तो पाइप. त्याचाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक मोठी फट आहे. त्या फटीत मी स्वतः सापडलो, म्हणून हा विषय.

झालं असं, की मी घरामागच्या खोलीत टेबल सॉ बसवला. भुसा ओढायला हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप आणला, सांडपाण्याचा असतो ना, तोच. जोडायला काटकोनी टी आणि एल्बो. ब्लोअर लावला, जमीन एकदम स्वच्छ! मी खूश. महिन्याभराने छताचा पंखा पुसायला स्टुलावर चढलो, तर पात्यांवर पिठासारखा पिवळट थर. म्हणजे जाड भुसा पाइपात जात होता आणि बारीक भुगा खोलीभर तरंगत होता. मी रोज तोच श्वासात घेत होतो. मग प्रश्न पडला, हा पाइप मुळात आला कुठून आणि कशासाठी?

धूळ वाईट, हे माणसाला फार आधी कळलं होतं. १७०० साली इटलीत मोडेना इथे बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरने कामगारांच्या आजारांवर आख्खं पुस्तक काढलं. पीठ दळणारे, दगड फोडणारे, सगळे त्यात आहेत. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल, तेव्हा आणखी एक विचारा, असं त्याचं सांगणं होतं: तुम्ही काम काय करता?

पण कळणं वेगळं आणि धूळ ओढणारं यंत्र हाताशी असणं वेगळं. १८६० च्या दशकात अमेरिकेत बेंजामिन स्टर्टेव्हंटने बुटांच्या कारखान्यांतली धूळ बाहेर खेचणारा पंखा बनवला आणि पुढे त्यावर मोठा उद्योग उभा केला. आता हवा ओढता यायला लागली. पण ओढलेल्या हवेतून धूळ वेगळी कशी करायची?

इथे पिठाची गिरणी येते. २ मे १८७८, मिनियापोलिस. वॉशबर्न ए मिल ही प्रचंड गिरणी स्फोटात उडाली आणि १८ माणसं गेली. कारण? हवेत तरंगणारं पीठ. कोणतीही जळणारी गोष्ट इतकी बारीक होऊन हवेत मिसळली, की एक ठिणगी पुरते. लाकडाचा भुगाही त्यातलाच. त्यानंतर धूळ गोळा करण्याच्या यंत्रांना जोर आला आणि १८८५ साली मिशिगनमधल्या निकरबॉकर कंपनीकडे सायक्लोनचं पेटंट आलं.

सायक्लोन म्हणजे काय? जत्रेतला मौत का कुआँ आठवा. मोटरसायकल वेगात फिरते तोवर भिंतीला चिकटून राहते, वेग गेला की खाली. तसंच हे. पत्र्याच्या शंकूत हवा वरून तिरकी शिरते, गरगर फिरते, जड कण भिंतीवर फेकले जातात आणि घसरत खालच्या पिंपात पडतात. हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. आत फिरणारा एकही भाग नाही! लाकूड कारखान्यांना हे सोयीचंच होतं, कारण पिंपातला भुसा बॉयलरमध्ये जळणाला चालायचा.

आता १९४७ मध्ये या. युद्ध संपलेलं. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या हान्स गोल्डश्मिट यांचं शॉपस्मिथ बाजारात आलं. करवत, लेथ, ड्रिल, सगळं एकाच यंत्रात, मध्यमवर्गीय माणसाच्या गॅरेजमध्ये मावेल असं. म्हणजे कारखान्यातलं यंत्र घरी आलं. पण पाइप? तो कारखान्यातच राहिला.

का? आपल्याच जुन्या कायद्यात उत्तर सापडतं. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम १४ सांगायचं, की धूळ खेचणारं साधन ती जिथे तयार होते, त्याच्या शक्य तितकं जवळ बसवा. उत्तम कलम. पण मुळात त्या कायद्यात कारखाना म्हणजे वीज वापरणारी जागा असेल तर दहा कामगार तरी लागायचे. घरी मी एकटा! मला कोण तपासायला येणार?

आणि धोका खरा होता. लंडनजवळचं हाय विकम हे खुर्च्यांसाठी नावाजलेलं गाव. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा सर्जन एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या आतला एक अतिशय दुर्मिळ कर्करोग फर्निचर कामगारांमध्येच वारंवार दिसतोय. डोनाल्ड अ‍ॅचेसन आणि सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. १९९५ मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. घाबरवत नाहीये. हा कर्करोग दुर्मिळच आहे. दमा आणि अ‍ॅलर्जी जास्त दिसतात. पण आजार दिसायला कित्येक दशकं लागतात, म्हणून आज काही होत नाही याला अर्थ नाही.

गंमत बघा, सायक्लोन घरात शिरला तो आधी गालिच्यासाठी. लाकडाच्या गिरणीवरचा सायक्लोन बघून जेम्स डायसनना व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली आणि त्यांनी ५,१२७ नमुने बनवले. हौशी सुताराकडे मात्र कापडी पिशवीचा ब्लोअर होता, जो जाड भुसा धरतो आणि बारीक भुगा परत खोलीत सोडतो. २००० सालच्या आसपास बिल पेंट्झ या अमेरिकन हौशी सुताराची अशाच खोलीत तब्येत बिघडली. त्यांनी घरगुती सायक्लोनचा आराखडा तयार केला आणि इंटरनेटवर फुकट ठेवला. त्यांचा आग्रह एकच, पाइप सहा इंची हवा.

का, ते हिशेबात बघा. भुसा पाइपात बसू नये म्हणून हवेला मिनिटाला साधारण ४,००० फूट वेग लागतो. त्या वेगाला चार इंची पाइपातून मिनिटाला ३५० घनफूट हवा जाते, सहा इंचीतून जवळपास ७८५. व्यास दीडपट, हवा सव्वादोनपट! आणि बारीक भुगा पकडायला हवाच जास्त लागते. मात्र ब्लोअरही तसा दमदार पाहिजे. नुसता पाइप जाड केलात तर वेग पडतो आणि आडव्या पाइपात भुसा साचतो.

मी काय केलं? ब्लोअर बदलला आणि मुख्य पाइप सहा इंची केला. काटकोनी टी काढून तिरके वाय लावले. लवचीक नळी हातभरच ठेवली, कारण तिच्या वळ्या हवा अडवतात. प्रत्येक फाट्यावर झडप बसवली, म्हणजे चालू यंत्रालाच सगळी ओढ मिळते. आणि मास्क अजूनही लावतो.

कारखान्यात पाइप आला तो आग, नुकसान आणि कायदा यांच्या धाकाने. घरी असा धाक कुणाचाच नाही. म्हणून तुमच्या खोलीचे इन्स्पेक्टर तुम्हीच. आज स्टुलावर चढा आणि पंख्याच्या पात्यावरून एक बोट फिरवून बघा. काय सापडलं, ते मला नक्की कळवा.